माणगा, मानवेल की कळक? टोंकिनशिवाय फ्लाय रॉड घडवताना

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेताच्या बांधावर माणग्याची बेटं आहेत, रंधा-पटाशी चालवता येते, चीनहून टोंकिन बांबू न मागवता याच काठ्यांतून सहा त्रिकोणी कामट्या चिकटवून केलेली फ्लाय रॉड (हलकं, माशीसारखं आमिष दोरीच्या वजनावर फेकायची मासेमारीची काठी) होईल का, आणि कुठला बांबू घ्यावा?

होते, आणि चांगली होते. फक्त जातीच्या नावावर भिस्त ठेवू नका. रॉडची प्रत तीन गोष्टींवर ठरते: सालीलगतचा दाट थर किती जाड आहे, गाठी किती जवळ आहेत आणि काठीचा व्यास किती. टोंकिन म्हणजे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या ह्वाइजी भागातला बांबू. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्लुअर यांनी १९३१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याची ख्याती अशाच गुणांमुळे आहे: सरळ, ४०-५० मिमी जाड, लांब कांड्यांचा आणि गाठी फारशा न फुगलेला. पण त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चिरलेल्या बांबूच्या रॉड 'कलकत्ता केन'च्या होत. तो माल आपल्याच देशातून जायचा आणि बहुधा भरीव बांबूच्या कुळातला असायचा. म्हणजे आपल्याकडचा बांबू हा इथे नवखा पाहुणा नव्हे.

आता काठ्यांकडे वळू. या पट्ट्यात नावांचा घोळ फार. मेस, चिवा, माणगा ही नावं गाव बदललं की एकमेकांच्या जागी जातात, म्हणून विकत घेताना नाव न विचारता काठी आडवी कापून बघा.

माणगा, म्हणजे डेन्ड्रोकॅलॅमस स्टॉक्सी, हा बिनकाट्यांचा, २५ ते ५० मिमी व्यासाचा, बुडाकडे जवळजवळ भरीव. सरळ वाढतो, बेटातून काढायला सोपा. खोट एकच: कांडी २० ते २५ सेंमीची, क्वचित ३०. मानवेल किंवा भरीव बांबू, म्हणजे डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, याचं तंतुद्रव्य उत्तम आणि कांडीही थोडी लांब. पण काठी वाकडी, नागमोडी आणि खालच्या गाठी फांद्यांनी बिघडलेल्या. शंभरातल्या वीस काठ्या रॉडलायक निघाल्या तरी समाधान माना. कळक, म्हणजे बांबूसा बांबोस, मोठा आणि जाड भिंतीचा. त्याची साल बाहेरून जवळजवळ सपाट मिळते, हा त्याचा मोठा गुण. पण गाठी ठळक, आणि काट्याकुट्यांतून काढताना हातपाय सोलतात. अगरबत्तीच्या काड्यांसाठी काही शेतकऱ्यांनी टुल्डा जातीचा बांबू लावला आहे, त्याची कांडी ४० ते ७० सेंमी. गाठी कापून टाकून, तिरके जोड देऊन बिनगाठीची रॉड करायची असेल तर तो सोडू नका. बाल्कोवा ही जात इमारतीला छान. रॉडसाठी त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

काठी भरीव आहे म्हणून मजबूत, हा समज लाठीपुरता खरा आहे. रॉडमध्ये प्रत्येक कामटीची उंची रॉडच्या जाडीच्या निम्मी असते. म्हणजे ७ मिमी जाडीच्या मुठीकडच्या भागात साडेतीन मिमी, आणि त्यातलाही आतला एक-दीड मिमी मध्याजवळ असल्याने त्याला ताण फारसा नसतो. काम करतो बाहेरचा दोन-अडीच मिमी दाट थर. भरीव गाभा हा कोयत्याने उतरवून टाकायचा माल. काठी आडवी कापा, कापलेलं तोंड बारीक सँडपेपरने घासा आणि भिंगातून बघा: सालीलगत काळपट ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसतात, आत जाता जाता विरळ होतात. चिकटलेला थर २ मिमीपेक्षा कमी असेल तर ती काठी मुठीकडच्या भागाला नको. शेंड्याच्या भागाला चालते.

व्यासाचं गणित बहुतेक लोक विसरतात. काठी गोल, कामटीचा बाहेरचा पृष्ठभाग सपाट हवा. गोलाई काढताना मधला, म्हणजे सगळ्यात चांगला थर घासला जातो. किती, ते काढता येतं: कामटीच्या रुंदीचा वर्ग भागिले काठीच्या व्यासाची चौपट. रॉड सपाटीपासून सपाटीपर्यंत ७.२ मिमी असेल तर एका कामटीची बाहेरची रुंदी ४.१५ मिमी. ४० मिमीच्या काठीत ०.११ मिमी जातं, ६० मिमीच्या काठीत ०.०७, आणि २५ मिमीच्या काठीत तब्बल ०.१७. उलट शेंड्याला कामटी जेमतेम १ मिमी रुंद, तिथे २५ मिमीच्या काठीतूनही ०.०१ मिमीच जातं. यावरून निवड सरळ होते: बारीक माणगा शेंड्याच्या भागाला, ४० मिमीच्या वरचा मुठीकडच्या भागाला. एकाच काठीतून अख्खी रॉड काढायचा हट्ट सोडा.

तोड पाऊस संपल्यावर, कार्तिक ते माघ या काळात. काठी तीन-चार वर्षांची हवी. पहिल्या वर्षाच्या काठीवर पांढरी भुकटी आणि खोडाची पानं चिकटलेली असतात. मुरलेल्या काठीवर ती नसतात, करडे-पांढरे डाग असतात आणि टिचकी मारली की आवाज टणक येतो. अमावस्येच्या आसपास तोडलेल्या बांबूला घुण लागत नाही असं आपल्याकडचे बुरूड आणि मेदार सांगतात. तिथी पाळा किंवा न पाळा, हंगाम मात्र पाळा: काठीतलं पिष्ट हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतं आणि भुंगेरे त्यावरच जगतात. बांबू स्वतःच्या बांधावरचा किंवा बाजारातून घेतलेला असावा. भीमगड अभयारण्य आणि राखीव जंगलातला बांबू डोक्यातही आणू नका.

बुडापासून हात-दीड हात सोडून वरचे तुकडे घ्या, प्रत्येकी १.४ मीटर. ताबडतोब एका बाजूने उभी चीर पाडा. चीर नसेल तर काठी वाळताना स्वतःच्या मर्जीने दोन-तीन ठिकाणी फुटते आणि कामट्या वाया जातात. तुकडे सावलीत, हवेशीर माळ्यावर, आडवे आणि जमिनीपासून उंच. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर काही वाळतच नाही असं समजून चाला. डिसेंबरात तोडलेला माल मे महिन्यात चिरता येतो, पण पुढच्या थंडीपर्यंत थांबलात तर बरं. दोन तुकड्यांवर तारीख आणि वजन लिहून ठेवा; वजन महिनाभर हललं नाही की माल तयार.

चिरण्यासाठी करवत वापरू नका. करवत तंतू कापत जाते, त्यांच्या मागे जात नाही, आणि पुढे रॉड नेमकी तिथेच मोडते. कोयता आणि लाकडी थापी. नियम एकच, प्रत्येक वेळी बरोबर निम्मं करा: अर्धा, पाव, आठवा, सोळावा. चीर एका बाजूला पळू लागली तर जाड बाजूला जास्त वाकवा, ती परत मध्यावर येते. भरीव माणगा असेल तर पावाचे तुकडे झाल्यावर आतला गाभा काढा, मग पुढे चिरा. नाहीतर कामटी जाडीमुळे वाकत नाही आणि चीर भरकटते. ४० मिमी काठीतून सात-आठ मिमी रुंदीच्या साधारण सोळा कामट्या निघतात. डोळ्याच्या, म्हणजे फांदी फुटलेल्या रेषेतल्या कामट्या बाजूला ठेवा. एका भागाला सहा लागतात, दोन शेंडे आणि एक बूड करायचं तर अठरा. वीस-बावीस हाताशी असू द्या.

इथून पुढे गाठी. या कामाचा निम्मा वेळ गाठी खातात, आणि आपल्या बांबूत तर त्या दुप्पट. सात फुटी, दोन तुकड्यांच्या रॉडचा एक भाग १०७ सेंमीचा. टोंकिनच्या कामटीत त्या लांबीत दोन-तीन गाठी येतात, माणग्याच्या कामटीत चार-पाच. सहा कामट्यांचा हिशेब करा: एका भागात २४ ते ३० गाठी. म्हणून त्या शेजारीशेजारी येऊ न देणं जास्त महत्त्वाचं. २४ सेंमीच्या कांड्याला सोपी मांडणी अशी: समोरासमोरच्या दोन कामट्यांची जोडी, आणि पुढची प्रत्येक जोडी ८ सेंमीने सरकवलेली. यात १६ सेंमी लांबी वाया जाते, तुकडा १.४ मीटरचा घ्यायला सांगितला तो याचसाठी. जोडनळीपासून (दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळीपासून) पाच सेंमीच्या आत आणि शेंड्याच्या शेवटच्या दहा सेंमीत एकही गाठ नको.

गाठ बसवताना आतला पडदा पटाशीने उडवा. बाहेरची कड कानशीने सालीच्या पातळीपर्यंतच आणा, खाली एक केसभरही नको. मग हीट गन किंवा स्पिरिटच्या दिव्यावर, साल करपणार नाही इतक्या अंतरावर, कामटी फिरवत तापवा. नरम पडली की हाताला कळतं. लगेच शेगड्यात (व्हाइसमध्ये) आधी साल आणि गाभा या बाजूंनी दाबा, मग बाजूने दाबून सरळ करा, आणि निवेपर्यंत एक मिनिट धरून ठेवा. कच्च्या तापात दाबलं की गाठ तडकते. उगीच जास्त भाजलं की गाठीजवळचा तंतू बिस्किटासारखा होतो आणि रंध्याखाली पापुद्रे सुटतात. मानवेलच्या गाठीत सालीखाली खळगा असतो. तो रंध्याने काढायला गेलात तर दोन्हीकडचा चांगला थर जातो. खळगा आत राहू द्या, वार्निश तो झाकतं.

हत्यारांपैकी खरं महाग म्हणजे कामटी खाचेत ठेवून शेवटच्या मापावर रंधायचा पोलादी साचा: १९ मिमी चौरस, १.५ मीटर लांब दोन पोलादी पट्ट्या, प्रत्येकीच्या एका कडेला ३० अंशांचा उतार. दोन्ही जोडल्या की ६० अंशांची खाच होते. दर ५ इंचांवर ओढणारा आणि ढकलणारा असे दोन बोल्ट. बेळगावकरांचं नशीब इथे जोरावर आहे, उद्यमबागेत असं काम करणारी यंत्रशाळा सापडते. कारागिराला एवढं सांगा की पट्टीचा सरळपणा आणि खाचेचा कोन यांत तडजोड नाही, बाकी दिसायला कशीही चालेल. सुतात मोजायची सवय इथे सोडावी लागते, सगळं शतांश मिमीत. खाच ०.१० मिमी रुंद केली की खोली ०.०८७ मिमी वाढते, हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा. कामटीचा कोन तपासायला लेथवाल्यांचा ६० अंशी सेंटर गेज पुरतो. रंधा छोटा, हातात बसणारा. पात्याची धार ३५-४० अंशांवर, कारण २५ अंशांची धार गाठीपाशी खणते. तोंड जितकं अरुंद ठेवता येईल तितकं. सालीवर रंधा कधीच चालवायचा नाही: तिच्यातली सिलिका धार खाते आणि तंतूही जातो. साल शेवटी, काचेच्या तुकड्याने किंवा खरवडणीने, जेमतेम चमक जाईपर्यंत काढा.

आधी लाकडी साच्यात कामट्या ओबडधोबड त्रिकोणी करून घ्या, हव्या त्या मापापेक्षा मिमीभर मोठ्या. मग सहासहाची जुडी सुती दोऱ्याने आवळून भट्टीत. भट्टी म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन पत्र्याच्या नळ्या, एका टोकाला हीट गन आणि मध्ये व शेवटी थर्मामीटर. आधी १०५ ते ११० अंश सेल्सिअसवर दीड-दोन तास, ओल घालवायला; मग १७५ ते १८० अंशांवर दहा मिनिटं, जुडी उलटी करून आणखी पाच. रंग दुधाच्या चहाइतका. दोन्ही टोकांच्या तापमानात दहा अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी भट्टी सुधारा. वाया गेलेल्या कामट्या आधी घालून बघा. त्यातली एक मोडून पाहा: लांब, केसाळ तंतू सोडत मोडली तर ठीक, गाजरासारखी कटकन तुटली तर भाजणं जास्त झालं. कमी भाजलेली कामटी मोडत नाही, पण वाकवलेली परत सरळ होत नाही, आणि तशी रॉड दोन-चार माशांनंतर कायमची वाकते. या तापात घुणाच्या अळ्याही मरतात. भाजलेल्या कामट्या पीव्हीसी नळीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद ठेवा. आपल्याकडची हवा त्या दोन दिवसांत परत ओलसर करते.

आता मापं. कुठल्याही टोंकिन रॉडची मापं जशीच्या तशी घेतलीत आणि रॉड मऊ निघाली, तर बांबूला दोष देऊ नका. आधी चाचणी करा. ४.०० मिमी उंचीची, भाजलेली, बिनगाठीची त्रिकोणी कामटी एका टोकाला घट्ट आवळा. साल वर, १८० मिमी मोकळी, टोकाला २०० ग्रॅम. टोक किती खाली आलं ते मोजा. एखाद्या मोडक्या टोंकिन रॉडची कामटी मिळाली तर तिच्याशी तुलना करा. समजा ती २० मिमी झुकली आणि तुमची २३. म्हणजे तुमचा बांबू सुमारे १३ टक्के मऊ. पण रॉडचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे सगळी मापं फक्त साडेतीन टक्क्यांनी वाढवली की हिशेब जुळतो. वजन सुमारे सात टक्क्यांनी वाढतं, तेवढी किंमत द्यावी लागते. प्रत्येक काठीची चाचणी वेगळी करा. एकाच बेटातल्या दोन काठ्यांत जितका फरक सापडतो, तितका कधीकधी दोन जातींतही नसतो.

सुरुवातीला सात फुटी, ५ नंबरच्या दोरीची रॉड करा. ५ नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम. सोपा उतार असा: शेंड्याला १.८० मिमी जाडी आणि दर ५ इंचांना ०.३५ मिमीची वाढ. ४० इंचांवर ४.६० येतात, ७० इंचांवर ६.७०. त्यावर चाचणीतले साडेतीन टक्के चढवा, साचा त्याच्या निम्म्यावर लावा आणि गोंदाच्या जाडीसाठी ०.०३ मिमी वजा करा. रॉडची जाडी तिन्ही जोड-बाजूंनी मोजा. तिन्हींत ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर कामट्यांचा कोन कलला आहे, आणि तो कल रंधा धरणाऱ्या हातात असतो.

गोंदासाठी हळू घट्ट होणारं साधं अराल्डाइट चालतं: वजनाने १०० भाग रेझिनला ८० भाग हार्डनर, किचनच्या वजनकाट्यावर. डोळ्यांच्या अंदाजाने नको. मार्च-एप्रिलच्या दुपारी ते लवकर घट्ट होतं, म्हणून सकाळी लावा. कामट्या मास्किंग टेपवर शेजारीशेजारी, साल खाली. जुन्या टूथब्रशने गोंद. गुंडाळा आणि सुती दोऱ्याने बांधा. एक वेढा डावीकडून आणि एक उजवीकडून, सारख्याच ताणाने. एकाच दिशेने बांधलं तर रॉड पिळते, आणि सुकल्यावर पीळ काढणं म्हणजे पुन्हा तापवणं, तापवलं की गोंद सैल. ओला असतानाच सपाट कडाप्प्यावर लाटून सरळ करा आणि खाली किलोभर वजन लावून टांगा. दुसऱ्या दिवशी ६०-७० अंशांवर दोन-तीन तास शेकलं तर जोड उन्हाला जास्त तग धरतो. तरीही उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे रॉड ठेवू नका.

जोडनळी, म्हणजे फेरूल, निकेल-सिल्व्हरची विकत घ्या. वरच्या मापाला १२/६४ इंच बसते. मापं वाढवली तर १३/६४. स्वस्त मार्ग हवा असेल तर दोन भागांना १५ सेंमीचा तिरका छेद देऊन, टेपने बांधून जोडायची जुनी रीत आहे. दिसायला गावठी, पण तिथे रॉड अखंड वाकते आणि नळीचं वजनही जातं. मुठीला कॉर्क महाग पडला तर वेत गुंडाळा, जुन्या रॉडवर तशा मुठी असत आणि वेताचं काम करणारे हात आपल्याकडे आहेत. कड्यांसाठी ०.८ मिमी स्टेनलेस तार सापाच्या वळणात वाकवता येते. शेंड्यापासून ५, १०.५, १६.५, २३.५, ३१, ३९, ४८ इंचांवर ती कडी आणि ५७ वर मोठं कडं. बांधायला खरं रेशीम घ्या, वार्निशखाली ते पारदर्शक होतं. शहापूर-वडगावच्या विणकरांकडे विचारा, पण लडीतला एक धागा जाळून बघा: पॉलिएस्टर वितळून गोळी होते, रेशीम केसासारखं जळतं.

अशी रॉड चिलापी आणि लहान कार्पसाठी आहे. मरळ मोठी लागली की ती झाडाझुडपांत घुसते, तिथे बांबूच्या शेंड्याला ओढाताण करायला लावू नका. महसीर हा तर पूर्ण वेगळा विषय, त्याला ८-९ नंबरची दोरी आणि त्या मापाची रॉड लागते, आणि माणग्याच्या इतक्या गाठींवर ते वजन टाकण्यापेक्षा बिनगाठीचा टुल्डा बरा.

वार्निश डिसेंबर ते मे याच काळात चढवा, तीन पातळ हात. पावसाळ्यात रॉड ओल्या पिशवीत घालून नळीत बंद केलीत तर आठवडाभरात वार्निशला फोड येतात. आधी पुसा, एक रात्र खुंटीला मोकळी टांगा, मग आत ठेवा.